राखीव

"पाणी किती सोडलंय?"

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नायगाऱ्याच्या कठड्याला टेकून मी वडिलांना व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हा होता. आमच्याकडे सकाळचे अकरा, त्यांच्याकडे रात्रीचे साडेआठ. फोनच्या पडद्यावर त्यांना धबधबा नीट दिसतही नसावा, नुसता पांढरा धूर दिसत असणार. मुलगी शेजारी उभी होती. ती हसून म्हणाली, "आजोबा, हा धबधबा आहे, धरण नाही. इथे पाणी कोणी सोडत नाही." वडील "बरं बरं" म्हणाले आणि जेवायला गेले.

त्यांचा प्रश्न भाबडा नव्हता. आमचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. ते शिवसागर जलाशयात गेलं तेव्हा वडील चौदा-पंधरा वर्षांचे होते. तिथून उचललेली आमची कुटुंबं तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या एका वसाहतीत आली. माझा जन्म तिथला. आमच्या घरात पावसाळ्याच्या बातम्या एकाच आकड्यासाठी ऐकल्या जातात. कोयनेतून आज किती हजार क्युसेक? मोठं पाणी दिसलं की त्यामागे कुठेतरी दरवाजे असणार आणि दरवाज्यांवर हुकूम देणारा कोणी साहेब असणार, हे वडिलांनी गृहीतच धरलेलं असतं.

त्या रात्री रॉचेस्टरला मुलीच्या घरी परतल्यावर मी शोधायला बसलो. माझं शिक्षण बारावीपर्यंत. पुढे एका खासगी मोजणीदाराकडे नकाशे काढले, मग स्वतःचं नकाशे-झेरॉक्सचं दुकान टाकलं. इतिहासाचा नाद लागला तो आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या सातबारा उताऱ्यांमुळे. त्यामुळे कागद दिसला की मी आधी तारीख पाहतो, मग क्षेत्रफळ पाहतो. नायगाऱ्याच्या कागदांत दोन्ही भरपूर सापडलं. वडिलांचा प्रश्न रास्त होता, हेही सापडलं. नायगाऱ्यावर पाणी सोडलं जातं. किती सोडायचं, ते एका आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या कलमात लिहिलेलं आहे.

पण आधी जागेबद्दल. आपण ज्याला नायगारा म्हणतो तो खरं तर तीन धबधब्यांचा मेळ आहे. कॅनडाच्या बाजूचा नालेच्या आकाराचा मोठा, अमेरिकेच्या बाजूचा सरळ रेषेतला अमेरिकन धबधबा आणि त्याला लागून एक चिंचोळा, ज्याला नवरीच्या पडद्याचं नाव आहे. मधल्या बेटाचं नाव गोट आयलंड. ही अमेरिकन बाजू म्हणजे नायगारा फॉल्स स्टेट पार्क. ते देशातलं सर्वांत जुनं स्टेट पार्क असल्याचं अभिमानाने सांगितलं जातं. योसेमिटीचं खोरं त्याहून आधी, १८६४ मध्ये, कॅलिफोर्निया राज्याला राखायला दिलं होतं. पण ते पुढे राष्ट्रीय उद्यान झालं, म्हणून मान नायगाऱ्याकडे आला. गाडी लावायचे पैसे पडतात. पायी आत जायला आजही काही पडत नाही.

हे फुकटपण लढून मिळवलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नदीकाठची जमीन खासगी मालकांच्या हातात होती. काठाने गिरण्या उभ्या होत्या, कुंपणं होती, तिकिटाच्या खिडक्या होत्या. १८७० च्या दशकात अवस्था अशी होती की अमेरिकेच्या काठावरून पैसे मोजल्याशिवाय धबधबा दिसेल अशी जागाच उरली नव्हती. अपवाद गोट आयलंडचा. ते पोर्टर घराण्याने १८१६ मध्ये विकत घेतलं होतं आणि बरंचसं झाडीत तसंच राहू दिलं होतं. १८६९ च्या ऑगस्टमध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि त्याचे काही मित्र इथे जमले. हा न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारा माणूस. काठावरची ही दुकानदारी हटवून जमीन सरकारने ताब्यात घ्यावी, हा विचार तिथे पक्का होत गेला. 'मुक्त नायगारा' या नावाने पुढे जी चळवळ झाली तिचं हे मूळ. चित्रकार फ्रेडरिक चर्चही तिच्यात होता. त्याच्या १८५७ च्या नायगाऱ्याच्या चित्रामुळे ज्यांनी धबधबा कधी पाहिला नव्हता त्यांनाही तो आपला वाटू लागला होता.

चळवळीला जाहीर तोंड फोडणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीचं निघालं. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन. सप्टेंबर १८७८ मध्ये टोरोंटोला चित्रकारांच्या संस्थेपुढे बोलताना त्यांनी सुचवलं की दोन्ही देशांनी मिळून नायगाऱ्याभोवती सार्वजनिक उद्यान करावं. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांशी ते आधीच बोलले होते. मग सर्वेक्षण झालं, अहवाल आला, कार्लाइल, रस्किन, इमर्सन, लाँगफेलो अशा बड्या मंडळींच्या सह्यांचा अर्ज झाला. मधल्या एका गव्हर्नराने ही कल्पनाच उडवून लावली, त्यात काही वर्षं गेली. अखेर ३० एप्रिल १८८३ रोजी गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी भूसंपादनाच्या कायद्यावर सही केली. ४१२ एकर जागा घेतली गेली. मोबदला १४,३३,४२९ डॉलर आणि वर ५० सेंट. हे पन्नास सेंट मला फार आवडले. मोजणीच्या धंद्यातल्या माणसाला ते आवडणारच. १५ जुलै १८८५ रोजी उद्यान लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा सुमारे ७५,००० माणसं जमली होती. त्याचं तेव्हाचं नाव होतं नायगारा रिझर्व्हेशन.

तोवर डफरिन आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आले होते. उद्यान खुलं झालं त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, ते त्यांच्याच कारकिर्दीत. सोलापुरात त्यांच्या घराण्याचं नाव एका चौकाला अजून आहे. मला मात्र एका वेगळ्या तारखेने धरून ठेवलं. डफरिन टोरोंटोला बोलले ते १८७८ साल. त्याच साली हिंदुस्थानात जंगल कायदा झाला आणि 'रिझर्व्ह फॉरेस्ट' हा शब्द आपल्या डोंगरांवर येऊन बसला. आपण त्याचं राखीव जंगल केलं. एकाच साली, एकाच साम्राज्यात, एकीकडे राखीव म्हणजे कुंपण पाडून सर्वांना आत घेणं आणि दुसरीकडे राखीव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणाऱ्याला बाहेर काढून कुंपण घालणं. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून पूर्ण केला. त्यात जंगल खात्याने गायरानं घशात घातल्याबद्दलचा संताप आहे. आजोबांच्या उताऱ्यांत आमच्या जमिनीच्या वरच्या अंगाला लिहिलेलं असे, 'सरकारी राखीव'. लहानपणी मला वाटायचं, सरकारने ती आमच्यासाठी राखून ठेवली असेल.

आता पाण्याकडे येतो.

उद्यान झालं तरी पाणी वाचलं नव्हतं. १८९५ मध्ये इथे प्रत्यावर्ती विजेचं मोठं केंद्र चालू झालं, १८९६ च्या नोव्हेंबरात ती वीज बफेलो शहरात पोचली. टेस्लाच्या पेटंटांवर उभं राहिलेलं हे काम. गोट आयलंडवर त्याचा पुतळा आहे आणि आमच्या जावयांनी तिथे तीन फोटो काढले. नंतर दोन्ही काठांना केंद्रं वाढत गेली. धबधब्याच्या वरच्या अंगाने पाणी उचलायचं, बोगद्यातून न्यायचं, खाली दरीत सोडायचं. जितकी वीज जास्त, तितका धबधबा बारीक. यावर दोन देशांत घासाघीस होत होत २७ फेब्रुवारी १९५० रोजी करार झाला.

चौथ्या कलमाचा मतलब असा. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर, सकाळी आठ ते रात्री दहा, धबधब्यावरून किमान १ लाख क्युसेक पाणी पडलंच पाहिजे. १६ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर, सकाळी आठ ते रात्री आठ, तेवढंच. उरलेल्या सर्व वेळी, म्हणजे रोज रात्री आणि अख्खा हिवाळा, ५०,००० क्युसेक पुरेत. नदीचा सरासरी प्रवाह सुमारे २ लाख क्युसेक आहे. म्हणजे पाहुणे असताना अर्धा धबधबा, पाहुणे झोपले की पाव. बाकीचं पाणी दोन देशांनी विजेसाठी निम्मं निम्मं घ्यायचं.

मग एवढा अर्धा धबधबा भरगच्च कसा दिसतो? तो दिसावा अशी तजवीज केलेली आहे. १९५४ ते १९५७ या काळात वरच्या अंगाला दरवाज्यांचं नियंत्रण बांधकाम झालं आणि मोठ्या धबधब्याच्या दोन्ही बाजूंचा खडक उकरून घेतला, म्हणजे कमी पाणीही कडेपासून कडेपर्यंत सारखं पसरेल. १९६९ मध्ये तर अमेरिकन धबधबा जून ते नोव्हेंबर चक्क बंद ठेवला होता. लष्कराच्या अभियंत्यांनी वर आडवा बांध घातला आणि कोरड्या कड्याची तपासणी केली. पायथ्याशी पडलेले दगड उचलावेत का, यावर काही वर्षं विचार झाला आणि ते राहू द्यायचं ठरलं. मी ते दगड पाहिले. निसर्गाने टाकलेले आणि समितीने ठेवलेले.

इथवर वाचून मला गंमत वाटत होती. वडिलांना फोन करून सांगावं, आबा, एक लाख सोडलंय, रात्री आठला निम्मं करतील. पण मग मनात आलं की रात्री जे पाणी वाचतं ते जातं कुठे? विजेची खरी गरज दिवसा. आणि दिवसा तर करार तेवढं पाणी उचलू देत नाही. म्हणजे रात्रीचं पाणी कुठेतरी साठवून ठेवायला हवं. एवढं पाणी साठवायचं म्हणजे एवढी जमीन लागणार. कोणाची?

हा प्रश्न आमच्या घरात शिकवावा लागत नाही.

धबधब्यापासून गाडीने वीसेक मिनिटांवर लुइस्टन गावाजवळ टस्करोरा लोकांचं राखीव क्षेत्र आहे. तेही रिझर्व्हेशनच. हे लोक मूळचे दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचे. १७११ ते १७१३ च्या युद्धात तिथून उखडले गेले, उत्तरेला येऊन इरोक्वॉय संघातलं सहावं राष्ट्र झाले. नायगाऱ्याजवळ त्यांच्याकडे एकूण ६,२४९ एकर जमीन होती. त्यातले तीन चौरस मैल त्यांना दानपत्राने आणि करारांनी मिळालेले. उरलेले ४,३२९ एकर मात्र त्यांनी विकत घेतले होते, नॉर्थ कॅरोलिनातली आपली जमीन विकून आलेल्या पैशांतून. शेजाऱ्यांशी त्यांचं वाकडं नव्हतं. डिसेंबर १८१३ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूने लुइस्टनवर हल्ला झाला, गाव जळालं, तेव्हा पळणाऱ्या गावकऱ्यांच्या पाठीशी टस्करोरा उभे राहिले आणि पुष्कळांचे जीव वाचले. एकोणिसाव्या शतकात टस्करोरा बायका धबधब्याजवळ बसून मणीकामाच्या वस्तू विकत. पोर्टर घराण्याने त्यांना ती मुभा दिली होती. तेव्हा नायगारा पाहून परतणाऱ्या पुष्कळ जणांच्या सामानात त्या बायकांच्या हातची एखादी मणी लावलेली पिशवी असे.

७ जून १९५६ रोजी धबधब्याखालचं जुनं शोलकॉफ वीज केंद्र दरड कोसळून उद्ध्वस्त झालं. कारखान्यांची वीज गेली, घाई सुटली, आणि १९५७ मध्ये काँग्रेसने नव्या प्रचंड प्रकल्पाला परवानगी दिली. काम न्यूयॉर्क राज्याच्या वीज प्राधिकरणाकडे आलं. अध्यक्ष रॉबर्ट मोझेस. या गृहस्थांबद्दल एक गोष्ट मी दोनदा तपासून घेतली. १९२४ पासून राज्यातल्या स्टेट पार्कांच्या परिषदेचे अध्यक्षही तेच होते, आणि १९६३ पर्यंत होते. म्हणजे धबधबा राखणारा हात आणि जमीन घेणारा हात एकाच माणसाचे.

प्रकल्पाच्या आराखड्यात रात्रीचं पाणी पंपाने वर चढवून साठवायचा तलाव होता. त्यासाठी टस्करोरांच्या १,३८३ एकर जमिनीची मागणी झाली, म्हणजे एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. ती जमीन त्यांनी विकत घेतलेल्यांपैकी होती. दुसरीकडे तलाव करायचा तर लुइस्टनच्या वस्तीतली घरं हलवावी लागली असती, खर्च आणि वेळ वाढला असता. टस्करोरा म्हणाले, जमीन विकायची नाही. एप्रिल १९५८ मध्ये मोजणीदार पोलिसांच्या बंदोबस्तात आले, तेव्हा बायका-मुलांसकट माणसं आडवी आली. तिघांना अटक झाली. माझा धंदा मोजणीचा. साखळी घेऊन दुसऱ्याच्या शेतात उतरताना समोरची बाई काय नजरेने पाहते ते मला ठाऊक आहे. त्यामुळे या प्रसंगाच्या वर्णनाशी मी जरा थांबलो.

भांडण कोर्टात गेलं. अडखळलं ते एका शब्दावर. केंद्रीय वीज कायद्यात तरतूद होती की 'रिझर्व्हेशन'च्या आत प्रकल्पाला परवाना द्यायचा तर ते क्षेत्र ज्या हेतूने राखलं आहे त्याला बाधा येत नाही, असा निष्कर्ष आयोगाने आधी काढला पाहिजे. खालच्या कोर्टाने ही तरतूद लागू होते म्हटलं. आयोगाने पुन्हा पाहिलं आणि १९५९ मध्ये कबूल केलं की हो, बाधा येते. टस्करोरा जिंकल्यासारखे झाले. पण ७ मार्च १९६० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं, कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे रिझर्व्हेशन म्हणजे ज्या जमिनीत अमेरिकन सरकारचा मालकी हितसंबंध आहे ती. ही जमीन तर टस्करोरांनी स्वतः विकत घेतलेली, त्यांच्याच मालकीची. सबब ती 'राखीव' नाही. सबब घेता येते.

मी हे तीन वेळा वाचलं. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून मुलीकडूनही वाचून घेतलं. अर्थ तोच निघाला. दान मिळालेली असती तर कदाचित वाचली असती. पैसे मोजून घेतली म्हणून गेली. तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत दिलं. ते न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं. त्यात टस्करोरांसाठी ही जमीन म्हणजे नुसते एकर नव्हेत, घर आहे, असं म्हटलं आहे आणि मोठ्या राष्ट्राने शब्द पाळावा असंही. कायद्याच्या अभ्यासकांत ते मत आजही आदराने वाचलं जातं. आदराने वाचल्या जाणाऱ्या विरोधी मतांचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी प्रत्यक्षात सुमारे ५५० एकर घेतले, मोबदला साडेआठ लाख डॉलर. १९६१ च्या सुरुवातीला वीज वाहू लागली. त्याच सुमारास आमच्या खोऱ्यात शिवसागर भरत होता. तुलना ताणायची नाही. आमच्यातल्या कोणाचा खटला दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात गेला नव्हता, आणि टस्करोरांना गाव सोडून दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागलं नाही. आमच्या खोऱ्याचा उरलेला डोंगर १९८५ मध्ये कोयना अभयारण्य म्हणून राखीव झाला. तो दर्जा हवाच होता. तिथली झाडी मी पाहिली आहे, ती राहिली पाहिजे. ओल्मस्टेडचंही मला पटतं. धबधब्यापाशी फुलांचे ताटवे नकोत, कारंजी नकोत, माणसाने नुसतं पाण्याकडे पाहावं, हा त्याचा आग्रह फार शहाणा होता. त्याच्यामुळेच मी एक पैसा न देता कठड्याला टेकलो होतो. अवघड भाग हा की ज्या कलमाने माझ्यासाठी एक लाख क्युसेक राखून ठेवले, त्याच कलमामुळे त्या तलावाची गरज पडली. सौंदर्याचं रक्षण आणि जमिनीची जप्ती या दोन वेगळ्या गोष्टी असत्या तर बाजू घेणं सोपं गेलं असतं.

दोन दिवसांनी मी जावयांना म्हटलं, परत जाऊ या, पण या वेळी संध्याकाळी. आठ वाजता पुन्हा कठड्यापाशी उभे राहिलो. रंगीत दिवे सोडलेले, थंडीत तुरळक माणसं. आठ वाजले. काही झालं नाही. दरवाजे बरेच वर आहेत, पाणी एकदम नळासारखं बंद होत नाही. साडेआठच्या सुमारास मला आवाज उतरल्यासारखा वाटला. जावई म्हणाले, "तुम्हाला तसं वाटतंय, बाबा." असेल.

रात्र एका मोटेलात काढून सकाळी तलावाकडे गेलो. त्याच्या दक्षिण टोकाला आणखी एक स्टेट पार्क आहे. नावच रिझर्व्हॉयर स्टेट पार्क. चेंडूफळीची मैदानं, हिरवळ, पतंग आणि खेळण्यातली विमानं उडवायला मोकळी जागा. तिकीट नाही, गर्दी नाही. हिरवळीपलीकडे दगडी भरावाचा उंच बांध सरळ रेषेत दूरवर गेलेला. १,९०० एकरांचा तलाव, पण खालून एक थेंब दिसत नाही, नुसती भिंत दिसते. वर गेल्यावर एकदम पाणी. रात्रभर पंपांनी चढवलेलं, वाऱ्याने बारीक लाटा उठलेलं, करड्या रंगाचं. एक म्हातारा माणूस गळ टाकून बसला होता. त्याने मान हलवली, मीही हलवली. पलीकडचा काठ झाडांच्या रेषेत मिसळलेला. तिकडे टस्करोरांचं क्षेत्र.

शिवसागरचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तेव्हा आमच्या गावच्या देवळाचं जोतं वर येतं. दोन-चार वर्षांतून एकदा, मे महिन्यात, वसाहतीतली माणसं टेम्पो करून जातात, नारळ फोडतात, आपापल्या घराच्या जागा पावलांनी मोजून मुलांना दाखवतात. इथे पाणी रोज उतरतं आणि रोज चढतं. मी वडिलांना फोन लावला आणि कॅमेरा पाण्याकडे फिरवला.

"हा धबधबा नव्हे ना?" ते म्हणाले.

"नाही आबा. हे त्याचं मागचं पाणी."

ते बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, "खाली काय होतं?"

मी सांगायला लागलो.